पिशवीतल्या नंबरपाट्या

प्रिय हर्षद,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. पण भांडुपच्या शाळेत एका बाकावर बसलो होतो, म्हणून राहू देतो.

पर्यावरणदिनाचा तुझा फोटो अजून व्हॉट्सॲपवर आहे. हातात कडुलिंबाचं रोप, मागे तुझी पिवळी स्कूलबस, तिच्यावर हिरव्या अक्षरांत 'स्वच्छ हवा, सुदृढ मुलं'. सहा वर्षांत चारपैकी एकही बस धुराच्या तपासणीला न आणणारा माणूस हवेवर भाषण देतो आणि पालक टाळ्या वाजवतात. लाज कोळून प्यायला आहेस तू.

माझी पीयूसीची टपरी तरी कुठे देऊळ आहे म्हणा. तुझा माणूस धोंडू बसऐवजी पिशवीतून जादा नंबरपाट्या घेऊन यायचा. मी एखाद्या कोऱ्या डिझेल गाडीवर तुझी पाटी धरून फोटो काढायचो, नळी त्याच गाडीच्या सायलेन्सरमध्ये घालायचो, की तुझी बस पास. पुढे तर तू पिशवीच माझ्या खिळ्याला टांगून ठेवलीस. दोस्तीखातर करतो, असं मी स्वतःला सांगायचो. तुझी किळस येते, पण माझी आधी यायला हवी होती.

माझी नात नेत्रा जूनपासून मुलुंडच्या शाळेत जाते. दिवाळीपासून तिचा खोकला हटत नाही, डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिलाय. पहिलीतली पोर दप्तरात पंप घेऊन जाते. मी उदबत्तीला, शेजारच्या बांधकामाला, सुनेच्या फोडणीलासुद्धा नावं ठेवली.

काल सुनेची सकाळची ड्यूटी होती, म्हणून नेत्राला बसपर्यंत सोडायला मी गेलो. वळणावर बस दिसली तशी तिने न सांगता रुमाल नाकाला लावला, म्हणजे रोजचंच असणार. बस दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून काळा धूर ओकत उभी. नंबर मला तोंडपाठ होता, बस मात्र प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहत होतो. आणि शाळेला उशीर होतोय म्हणून मीच तिला हात देऊन आत चढवलं.

पाट्यांची पिशवी या पत्रासोबत परत पाठवतोय. सोमवारी चारही बस टपरीवर आण. नापास झाल्या तर नापासच लिहीन. मग इंजेक्टर, फिल्टर दुरुस्त कर, आणि थांब्यावर इंजिन बंद करायला ड्रायव्हरांना शिकव. नाही आलास तर मंगळवारी आरटीओत जाऊन सगळं सांगणार आहे, सुरुवात माझ्या नावापासून. टपरी जाईल, जाऊ दे. नेत्राला आजपासून मी पायी सोडतोय. बाकीची पोरं अजून तुझ्या बसमध्ये आहेत.

सहा वर्षं तुझाच असलेला,
शिवदास