लग्नाच्या कामाची लेन्स

प्रिय सत्यवती,

अनेक आशीर्वाद. गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, त्यांचं कपाट बंदच आहे ना?" मी नुसतं "हूं" केलं आणि भाताच्या कापणीचं बोलायला लागले. फोनवर तुझा आवाज भरून आला की माझंही बोलणं अर्ध्यावर राहतं, म्हणून लिहायला बसले आहे. सावकाश वाच. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोन करू नकोस.

कपाट बंद नाही. माझ्या गोकुळदासच्या कॅमेऱ्याच्या लेन्स मी विकल्या. लहान दोन बाबलीने घेतल्या, मोठी पेडण्याला गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

श्रावणात त्या खोलीत कुबट वास यायला लागला. तू बजावून गेली होतीस म्हणून दोन पावसाळे मी कपाटाला हात लावला नव्हता. पण वास काही जाईना. उघडलं तर लेन्सच्या बॅगेचा पट्टा हिरवा पडलेला. मी घाबरले गो. बाबलीला बोलावलं. गोकुळदासच्या जोडीने लग्नांचे व्हिडिओ करायचा तो अजून जाता-येता हाक मारून जातो. त्याने मोठी लेन्स उचलली आणि मोबाइलची बॅटरी आत धरून मला बघायला सांगितलं. काचेवर आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरले होते. "काकी, ही बुरशी. अशीच ठेवलास तर फुडच्या पावसापर्यंत काच पुरी जातली," तो म्हणाला.

तुला ती लेन्स आठवतच असेल. नवरीच्या चेहऱ्याचे फोटो गोकुळदास तिनेच काढायचा, आणि मागचं सगळं धूसर होऊन चेहरा तेवढा उजळायचा. तीसुद्धा त्याने कोल्हापूरच्या एका फोटोग्राफरकडून जुनीच आणली होती. तू म्हणाली होतीस, हप्त्यांनी घ्या, पण नवी घ्या. तर म्हणाला, "नव्या एकीच्या पैशांत जुन्या दोन येतात, आणि फोटोत कोणाला कळतंय?" तू दोन दिवस रुसली होतीस. मग त्याच लेन्सने परसातल्या अबोलीजवळ उभं करून तुझा फोटो काढला, तेव्हा कुठे हसलीस. आजारपणात कॅमेरा विकायची पाळी आली तेव्हाही ती लेन्स त्याने विकू दिली नाही. कावीळ उतरली की पुन्हा कामाला लागायचं, हेच शेवटपर्यंत त्याच्या डोक्यात होतं.

मी ती मांडीवर घेऊन बसने फोंड्याला गेले. बाबलीने सांगितलेला दुरुस्तीवाला तिथे बाजारात माडीवर बसतो. त्याने ती उघडून साफ केली. काचेच्या कडेला पुसट डाग राहिला, पण फोटोत तो दिसणार नाही म्हणाला. मी विचारलं, पुन्हा बुरशी येऊ नये म्हणून काय करू? तर म्हणाला, "कोंडून ठेवू नका. वापरणाऱ्याच्या हातात द्या." परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिले. आपल्या घरात वापरणारा कोण उरलाय?

बाबलीने मोबाइलवर जाहिरात टाकली. पहिला आला तो साखळी गावचा. बघून खूश झाला. पैशांचं बोलणं झालं, लेन्स बॅगेत ठेवली, आणि उठता उठता त्याने सहज विचारलं, "का विकताय?" मी खोटं का बोलू? म्हटलं, मुलगा गेला. त्याने बॅग उघडून लेन्स परत टेबलावर ठेवली. "राग मानून घेऊ नका, काकी. मी लग्नांची कामं करतो," एवढं म्हणून तो निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझ्या मुलाने हजारभर नवरीमुलींचे चेहरे उजळवले, आणि त्याच्या हातची वस्तू अशुभ झाली?

पुढच्या आठवड्यात पेडण्याहून विनोदिनी नावाची मुलगी स्कूटरवरून आली. तुझ्याच वयाची असेल. एका स्टुडिओत नोकरी करून आता स्वतःची कामं घेते. तिने आत यायच्या आधीच मी दारात सांगून टाकलं की लेन्स माझ्या मुलाची आहे आणि मुलगा नाही. परत जायचं तर इथूनच जा. ती चपला काढून आत आली. "काकी, माझ्याकडची एकय वस्तू नवी नाय. दरेक वस्तूक आधी कोणतरी मालक होतोच," म्हणाली. मग उजेडात काच पाहिली, कडेचा डाग तिला लगेच दिसला, गोल कडं दोन्ही बाजूंना फिरवून पाहिलं. आणि मला अंगणात बसायला सांगितलं. फोटो काढून बघितल्याशिवाय जुनी लेन्स घ्यायची नसते म्हणे.

गोकुळदास गेल्यापासून माझा फोटो कोणी काढला नव्हता. तिने कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला दाखवला. मी किती थकलेय, ते मला तेव्हा समजलं. आरशात रोज बघते, पण आरशात आपण केस तेवढे बघतो. त्या फोटोतली बाई दाराकडे डोळे लावून बसलेली होती. मला वाटलं, वाळपईला माहेरी माझी सत्यवतीही अशीच दिसत असेल का?

तुळशीचं लग्न झालं आणि लेन्स घेऊन गेलेल्या विनोदिनीचा फोन आला. तुमच्या नार्व्यालाच, सप्तकोटेश्वराच्या देवळात एका लग्नाचं काम मिळालंय, या. मी जाणार नव्हते. तू तर जाणतेस, दोन वर्षं मी कोणाच्या मंगलकार्याला गेले नाही. कोणी जा म्हणालं नाही आणि कोणी नको म्हणालं नाही, आपलं आपणच ठरवून टाकलं. पण साडी नेसले आणि गेले. खांबाजवळ मागे उभी राहिले. विनोदिनी नवरीसमोर गुडघ्यावर बसून फोटो काढत होती. तीच लेन्स. मी मन घट्ट करून उभी होते, की आता रडू येणार आणि चारचौघांत शोभा होणार. रडू आलं नाही. नवरी लाजून हसत होती आणि मलाही जरा हसू आलं. नवरीच्या आईने मला बघितलं, हाताला धरून पंगतीत बसवलं. मी पोटभर जेवून आले, बाय. भाज्यांचं खतखतं दोनदा मागून घेतलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल तुझा भाऊ मधुकर आला. दुपारपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग त्याने सांगितलं, की तुझ्याच कचेरीतले दत्ताराम तुला मागणी घालून गेलेत. माणूस चांगला आहे, तुलाही मनातून नापसंत नाही. तरी तू नाही म्हणते आहेस, कारण "नार्व्याला आई एकट्या आहेत, मी परत तिथेच जाणार." सत्यवती, तुझी माया मला कळते. पण माझ्यासाठी म्हणून तू अशीच एकटी राहिलीस, तर ते मला सोसायचं नाही. मी एकटी आहे, पण मला चालता येतं, बसने फोंड्याला जाता येतं, लग्नात जेवायला जाता येतं. गोकुळदासला आपण दोघी विसरणार नाही, त्यासाठी तू विधवा राहायची गरज नाही. मधुकर रात्री इथेच राहिला, आता बाहेर सोप्यावर चहा पितोय. हे पत्र तोच आणून देईल. मी काय लिहिलंय ते त्याला सांगितलेलं नाही. परवा तो दत्तारामांकडे तुझं उत्तर घेऊन जाणार आहे. त्याला नकार घेऊन पाठवू नकोस. हो म्हण. आणि मग मला फोन कर, रडलीस तरी चालेल.

तुझीच,
नार्व्याची आई