सत्तावीस दीडं साडेचाळीस

॥ श्री ॥

द्रोणागिरी, खोली क्र. ११
रविवार, दि. २ मार्च २०२५, दुपारी १२ वाजून ४० मिनिटं.
(कुकरची दुसरी शिटी झाली आहे. तिसरी झाली की उठेन.)

ती. सगुणाआत्यास,
धनेशचा सा. न. वि. वि.

पत्राच्या डोक्यावर तारीख, वेळ आणि लिहिताना काय चाललं होतं ते आलंच पाहिजे, हा तुझा नियम पाळला आहे. फोनवर मी पुटपुटतो आणि तुला ऐकू येत नाही, मग दोघंही चिडतो, त्यापेक्षा हे बरं. कंपनीच्या बसचे ड्रायव्हर बाजीरावकाका उद्या सकाळी नेरूळला येतील तेव्हा पत्र सारसोळ्याला पोचतं करतील.

बातमी चांगली नाही, पण तब्येतीची नाही, तेव्हा खाली बसून वाच. आज माझी परीक्षा होती आणि ती अर्ध्यावर बंद पडली.

तुला माहीत आहे की गोदामात मी दोन वर्षं कंत्राटावर पेट्या मोजायला आहे. ३१ मार्चला कंत्राट संपतं. ज्याच्याकडे गोदाम-नोंदणीचं प्रमाणपत्र असेल त्याला कंपनी कायम करणार, बाकीच्यांना नमस्कार. दहावीच्या पुढे शिकलेलो नसल्यामुळे मला दुसरा दरवाजा नाही. ही परीक्षा खोलीत बसून लॅपटॉपवर द्यायची असते. लॅपटॉप बिलिंगमधल्या क्षिप्राने दिला. परीक्षेचा एक खास प्रोग्राम आहे, तो उघडला की लॅपटॉपवर दुसरं काही उघडत नाही. कॅमेरा आणि माइक सारखे चालू. टेबलावर पाण्याच्या बाटलीशिवाय काही ठेवायचं नाही. तू जेट्टीवर वापरायचीस तो मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर मी आदल्या दिवशीच कपाटात ठेवून कुलूप लावलं. वापरायचा तो पडद्याच्या कोपऱ्यात दिलेला कॅल्क्युलेटर, माऊसने एकेक बटण दाबून.

बावीस प्रश्न नीट गेले. तेविसावा असा होता: सत्तावीस पेट्या, प्रत्येक दीड घनमीटर, एकूण जागा किती? कॅल्क्युलेटरने साडेचाळीस सांगितले. पण यंत्रानं सांगितलं तरी तोंडानं पडताळायचं, हे तू मला सहाव्या वर्षापासून शिकवलं आहेस. मी खाली बघून अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला आणि दीडकीचा पाढा म्हटला. याआधीच्या गणितांतही म्हणालो असणार, कारण दोन इशारे आधीच येऊन गेले होते. पहिला, नजर पडद्यावर ठेवा. दुसरा, खोलीत आवाज येतो आहे. दुसरा मला वरच्या मजल्यावरच्या बाळाचा वाटला. तिसऱ्याला पडदा पांढरा झाला आणि बाहेरून मदत घेत असल्याच्या संशयावरून परीक्षा थांबवली असं आलं. ११ वाजून १८ मिनिटं झाली होती.

मी लबाडी केली नाही, आत्या. खोलीत मी एकटा होतो. तिसरी शिटी झाली.

तुझ्या आशीर्वादाची आता जरा जास्तच गरज आहे.

तुझा भाचा,
धनेश

सारसोळे
मंगलवार, ४ मार्च, सकाळी साडेनऊ. कोलंबी सोलून हात धुतले.

चि. धनेश यास सगुणाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिलालं. खाली बसूनच वाचलं. वाचून पयला राग त्या यंत्राचा आला, मंग माजा. मीच तुला वट्यावर बसवून पावकी, निमकी, दीडकी घोकायला लावली. तुजा बाप मना सांगायचा, पोराला खेलू दे. आयकलं नाय.

पन एक गोष्ट कल्ली नाय. आपल्याच खोलीत, आपल्याच तोंडानं पाढा म्हनला तर चोरी कशी? आपल्या जेट्टीवर दलाल गोटीराम भर बाजारात कॅल्क्युलेटर दाबायचा आनि मी त्याच्या समोर तोंडानं हिशेब करायची. कोन मना हाकलत नव्हतं. त्यानं कमी धरलेले ऐंशी रुपये मी तसेच काढले, ती गोष्ट तुला पाठ हाय.

तू त्यांना पत्र लिव. मराठीत लिव, इंग्रजीत तुजं धाबं दनानतं. खरं तेच लिव, दीडकी म्हनत होतो म्हून. आवाज भरून ठेवलाय ना त्यांनी? मंग ऐका म्हनावं. चोराला आपला आवाज ऐकवायची हौस नसते.

बाजीरावाकडं करंज्या दिल्यात. सात हायत. मोजून घे.

आनि ही क्षिप्रा कोन? लॅपटॉप काय मीठ हाय, कोनी पन कोनाला द्यायला? घरी विचारलं तर काय सांगू?

शरीराला जप, जेवन चुकवू नको.

तुजी आत्या,
सगुणा

॥ श्री ॥

द्रोणागिरी
बुधवार, दि. १२ मार्च २०२५, सायंकाळी ७ वाजून ५ मिनिटं. (शर्टाचं बटण शिवून झालं. सुई जागेवर ठेवली आहे.)

ती. सगुणाआत्यास,
धनेशचा सा. न. वि. वि.

करंज्या सहा मिळाल्या. बाजीरावकाकांना विचारलं तर म्हणाले, रस्त्यात खड्डे फार आहेत.

तू सांगितलंस तसं परीक्षेच्या कार्यालयाला मी पाच तारखेला मराठीतच लिहिलं. चार वेळा कच्चं केलं, पाचव्यांदा पक्कं. सोबत दीडकीचा पाढा एक ते तीसपर्यंत लिहून जोडला, म्हणजे त्यांना आवाजाशी ताडून बघता येईल. क्षिप्रा म्हणाली की असला अर्ज तिने जन्मात पाहिला नाही. ते कौतुक होतं की काय ते कळलं नाही. ती कोण हे तू विचारलं आहेस. ती बिलिंगमध्ये आहे. घरी एवढंच सांग.

आज उत्तर आलं. तिथल्या तपासनीस बाईंचं नाव राजश्री. त्यांनी लिहिलं आहे की आवाज ओळखणाऱ्या यंत्राला मराठी पाढे येत नाहीत, म्हणून रेकॉर्डिंग त्यांनी स्वतः दोनदा ऐकलं. त्यात सत्तावीस दीडं साडेचाळीस असं स्पष्ट ऐकू येतं, दुसरा माणूस नाही. त्यांच्या आजोबांनंतर दीडकी त्यांनी पहिल्यांदाच ऐकली म्हणे. माझा तो प्रयत्न नापास न धरता रद्द धरला आहे. फी परत भरायची नाही. रविवार २३ मार्चला सकाळी दहाला पुन्हा बसायचं. पण नियम तोच. ओठ हलले, नजर खाली गेली, तर तिसऱ्या इशाऱ्याला पडदा पांढरा, आणि या वेळी अर्ज चालणार नाही.

आता खरी पंचाईत ऐक. काल मी कॅमेऱ्यासमोर बसून सराव केला. कॅल्क्युलेटरने बारा चोक अठ्ठेचाळीस सांगितले तरी माझे ओठ हलतात. चिकटपट्टी लावून बघितली, तर क्षिप्रा हसून खुर्चीवरून पडायची राहिली. शिवाय चेहऱ्यावर काही चालत नाही, नियम क्रमांक ९. लवंग धरावी तर तोंडात काही चालत नाही, नियम क्रमांक १२. शेवटी पायाच्या बोटांवर मोजायचं ठरवलं. पायांबद्दल नियमपुस्तिकेत काही नाही, तरी मी मदत-क्रमांकावर विचारून घेतलं. पलीकडच्या माणसाने प्रश्न मला पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाला, पाय कॅमेऱ्यात येत नाहीत, तुमचं तुम्ही बघा. त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवली आहे.

पण पायाच्या बोटांना पेरं सापडत नाहीत, आत्या. आणि न पडताळता पुढे गेलो तर छातीत धडधडतं. एकवीस तारखेला गोदामात रजेचा तक्ता लागेल, त्यात कंत्राटवाल्यांची नावं एकतीसपर्यंतच आहेत असं म्हणतात.

काही उपाय सुचला तर कळव. उद्या होळी आहे, गर्दीत फार पुढे जाऊ नकोस.

तुझा भाचा,
धनेश

सारसोळे
शनवार, १५ मार्च. सकालचे आठ. आंगन झाडलं, रंग काय निघंना.

चि. धनेश यास सगुणाआत्याचे अनेक आशीर्वाद.

शिमगा झ्याक झाला. गर्दीत पुढं गेली होती. कोनी ढकललं नाय, मीच दोघांना ढकललं.

उपाय इचारलास. पायाची बोटं सोड. तुला एक गोष्ट सांगायची हाय, ती मी पंचवीस वरसात कोनाला सांगितली नाय. तुज्या बापाला पन नाय. हे पत्र वाचून फाडायचं असंल तर फाड.

गोटीरामाचे ऐंशी रुपये. त्या दिवशी सगल्या जेट्टीसमोर मी त्याला सांगितलं, तुजं यंत्र खोटं हाय, माजं तोंड खरं हाय. त्यानं मुकाट ऐंशी काढून दिले. बायांनी मना डोक्यावर घेतली. तवापासून तीच गोष्ट मी सगल्यांना सांगते, तुला पन तीच सांगून पाढे शिकवले.

दुसऱ्या दिवशी चूल पेटवताना आठवलं. बोंबलाची एक पाटी आपल्या घरी खायला ठेवली होती. ती गोटीरामानं घेतलीच नव्हती, मी हिशेबात धरली. तिचेच ऐंशी. त्याचं यंत्र बरोबर होतं, धनेश. गुनाकार माजा पन बरोबर होता. मोजनीच चुकली होती.

परत द्यायला गेली तर अख्खी जेट्टी हसली असती. तोंड उघडलं नाय. मंग त्याच्या बायकोला सात-आठ वरसं मूठभर मांदेली जास्त टाकत रायली. ती समजायची, सगुणा मनाची मोठी. ऐंशीचे आठशे गेले असतील, पन सांगायचं ते रायलंच. आता गोटीराम पन नाय.

म्हून सांगते. गुनाकार यंत्राला करू दे, त्यात ते चुकत नाय. पन पाटी त्याला दिसत नाय. पाटी तुला दिसते. धडधडायला लागलं तर उत्तर पडतालू नको, सवाल परत वाच. किती पाट्या, कुठली घरी गेली, तेवढं बघ. त्याला ओठ लागत नाय आनि बोटं पन नाय.

परीक्षा झाल्यावर लगेच लिव. पास जालास तर लिव, नाय जालास तरी लिव. इथं एक खोली आनि एक भाकरी तुजी हायच.

घावने दिलेत, आठ. बाजीरावाला सांगितलंय, मी मोजून पाठवते आनि भाचा मोजून घेतो.

तुजी आत्या,
सगुणा

॥ श्री ॥

द्रोणागिरी
रविवार, दि. २३ मार्च २०२५, दुपारी १२ वाजून १० मिनिटं. (लॅपटॉप पुसून पिशवीत ठेवला.)

ती. सगुणाआत्यास,
धनेशचा सा. न. वि. वि.

चाळीसपैकी तेहतीस. पास व्हायला चोवीस लागतात. गुण पडद्यावर लगेच आले, प्रमाणपत्र मंगळवारी मेलवर येईल, म्हणजे एकतीसच्या सहा दिवस आधी. चंद्रशेखर सर आमचे सुपरवायझर, त्यांना फोन केला. म्हणाले कायमच्या यादीत तुझं नाव घालायला जागा ठेवली होती, आता पेनने लिहितो.

कसं झालं ते सांगतो. पहिल्या प्रश्नाला ओठ हलायला निघाले. मी दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले आणि प्रश्न परत वाचला. पुढेही तेच केलं. एकतिसावा प्रश्न आला: छत्तीस पेट्या आल्या, प्रत्येकी पंचवीस किलो, पैकी चार फुटलेल्या म्हणून परत पाठवल्या, गोदामात किती वजन राहिलं? मी कॅल्क्युलेटरवर छत्तीस गुणिले पंचवीस केले, नऊशे आले. नऊशे हे उत्तर खाली पर्यायांत होतंही. जुना मी असतो तर पंचवीसचा पाढा म्हणून नऊशे बरोबर आहेत अशी खात्री करून घेतली असती आणि त्यावरच खूण केली असती. पण प्रश्न परत वाचला आणि त्या चार पेट्या दिसल्या. घरी गेलेली बोंबलाची पाटी. बत्तीस गुणिले पंचवीस, आठशे.

अख्ख्या परीक्षेत इशारा एकच आला, तोही तेव्हाच. मला हसू आलं होतं.

तुझं पत्र फाडलेलं नाही. कपाटात जेट्टीवरच्या कॅल्क्युलेटरखाली ठेवलं आहे. कोणाला दाखवणार नाही. पण मला वाटतं, गोटीरामकाकांच्या बायकोला तू सांगावंस. मी पुढच्या रविवारी येतो आहे, वाटलं तर तुझ्याबरोबर येईन. हसल्या तर हसू देत. क्षिप्रालाही सारसोळे बघायचं आहे. ती बिलिंगमध्ये आहे, एवढंच घरी सांग.

घावने सात मिळाले.

असाच जीव लावत राहा, आणि ऐकू कमी येतं त्यासाठी डॉक्टरकडे जा.

तुझा भाचा,
धनेश

ता. क. परीक्षेचा खर्च:
फी ............ १,५००
फीवर कर, १८ टक्के ............ २७०
माऊस (जुना अडकत होता) ............ २९९
पेढे ............ २२०
एकूण ............ २,२८९

पैकी फी आणि कर तू दिले होतेस. तुझं देणं १,७७०, पहिल्या कायम पगारात फेडीन.

हा हिशेब कॅल्क्युलेटरवर केला आहे, तोंडाने पडताळलेला नाही. बाजीरावकाकांकडे दिलेले पेढे मात्र दोनदा मोजले आहेत. बावीस आहेत.