पाचवी रेकॉर्ड

लालबाग,
८ फेब्रुवारी २०२५

ती. हितेंद्रदादास,

नमस्कार. रागाने पत्र फाडणार असशील, तर आधी वहिनीला वाचायला दे.

फोनवर माझं नाव दिसलं की तू कट करतोस, म्हणून हे पत्र. लालबाग ते गिरगाव अंतर ते काय, पण अकरा वर्षांत आपण दोघांनी मिळून ते विलायतेएवढं करून ठेवलं. इकडे सगळे बरे आहेत. माझ्या गुडघ्यांनी संप पुकारलाय. अक्षदा सॅक्सोफोन शिकते आहे, बाबांचाच. अख्ख्या मजल्याची दुपारची झोप उडवली आहे लेकीने.

बाबांच्या रेकॉर्डी तुला मी काय सांगायच्या! एकाच अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवाल्याच्या नऊ. बाबा त्याला 'बुवा' म्हणायचे. मिलमधून आले की हात धुऊन रेकॉर्ड लावायचे आणि बँडसाठी सूर उतरवून घ्यायचे. पहिल्या चार स्विंगच्या, ऐकताना पाय आपोआप हलायचे. शेवटच्या चार बीबॉपच्या, तिथे बुवा सुसाट. "पुढे बुवा बिघडला," असं तू म्हणायचास. त्यामुळे बाबांमागे वाटणी सोपी झाली, पहिल्या चार तुझ्या, शेवटच्या चार माझ्या. अडली ती पाचवी, जिच्यात बुवा जुनी चाल सोडून नवी धरतो. ती आपल्या दोघांनाही हवी होती.

चाळीतली खोली रिकामी करताना ती फुटली, असं मी तुला सांगितलं. "बाबांची एक वस्तू सांभाळता आली नाही तुला?" एवढं बोलून तू जिना उतरलास. पुन्हा आमच्याकडे आला नाहीस.

दादा, ती फुटली नव्हती. तू मोठा. मागितली असतीस तर मला नाही म्हणता आलं नसतं, म्हणून मी ती आधीच तोंडाने फोडून टाकली. गोधडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली आणि शरमेने एकदाही वाजवली नाही.

गेल्या आठवड्यात अक्षदाला सापडली. "बाबा, ही तर अख्खी आहे!" मला तोंड लपवायला जागा उरली नाही. तिने ती लावली, पण शेवटचा वेगाचा तुकडा तिला काही पकडता येईना. मग मी बाबांसारखं केलं, फिरत्या रेकॉर्डच्या कडेला बोट टेकवलं. आठवतं तुला? आवाज घोगरा व्हायचा, पण एकेक सूर वेगळा ऐकू यायचा.

त्या संथ झालेल्या वेगात पहिल्या चार रेकॉर्डींमधलाच डोल होता रे. बुवा बिघडला नव्हता. तुझा आणि माझा बुवा एकच होता. मला रडू आवरेना, आणि अक्षदाचं आपलं एकच, "आधीच्या चार काकांकडे आहेत ना? मग बोलव की त्यांना!"

रविवारी ये. तुझ्या चार घेऊन ये, नऊच्या नऊ ओळीने लावू. पाचवी तुझी, जाताना घेऊन जा. पोस्टाने पाठवली असती, पण वाटेत खरंच फुटली तर तू विश्वास ठेवायचा नाहीस.

बाबांची वस्तू आणि स्वतःचं खोटं, दोन्ही अकरा वर्षं सांभाळलेला,
तुझा
निलेश