वाया गेलेलं एक मिनिट

प्रिय डेल्फीन,

तुझं कार्ड मार्चमध्येच मिळालं होतं. उत्तराला ऑगस्ट उजाडला, माफ कर. बायको गेली, हाल्या गेली, तेव्हापासून मी कुणालाच लिहिलेलं नाही. सप्टेंबरपासून वर्ग घेणार की कायमचा थांबणार, हे विभागप्रमुखांना शुक्रवारपर्यंत कळवायचंय. राजीनामा लिहून टेबलावर ठेवलाय. तो पाठवायचा सोडून तुला लिहायला बसलोय.

तुम्हा मुलांना कधी सांगितलं नाही, पण शिकवायला मी स्वतःहून आलो नव्हतो. इथे कॅनडात, रेजायना शहराच्या रेडिओवर सव्वीस वर्षं बातम्या दिल्या, मग आमचा स्थानिक बातम्यांचा विभागच बंद झाला. विद्यापीठात रेडिओ पत्रकारिता शिकवायच्या नोकरीचा अर्ज हाल्याने भरला, मी नुसती सही केली. पहिल्या तासाला मी बातमीपत्र वाचावं तसं वाचत गेलो आणि अकरा मिनिटांत माझ्याकडचं सगळं संपलं. घरी येऊन म्हणालो, उद्यापासून जात नाही. ती बीट सोलत होती. मान वर न करताच म्हणाली, "इतकी वर्षं न दिसणाऱ्या माणसांशी बोललास. आता समोर दिसतायत, तर बघ की जरा त्यांच्याकडे!"

दुसऱ्या दिवशी बघितलं. दाराजवळ तू होतीस, पाठीवरची बॅगही न उतरवता बसलेली. मी गाव विचारलं. तू ग्रावेलबर्ग म्हणालीस. तुझ्या शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, "तिथे माणसं राहतात?" तू लगेच म्हणालीस, "राहतात ना. तुझ्यासारखे आले की दारं लावून घेतात." वर्ग हसला, मीही हसलो. खरं शिकवणं तिथून सुरू झालं.

मुलाखत संपली की माइक चालू ठेवून सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसायचं, हा माझा नियम तुला पाठ असेल. खोलीची ती शांतता मधे भरायला हाताशी नसली, तर आवाजाचे तुकडे जोडताना मधल्या फटी कानाला कळतात. पहिल्याच कामाला तू हाल्याला निवडलंस. माझ्या माइकसमोर ती जन्मात आली नाही, पण तुला तिने स्वयंपाकघरात बसवून आईच्या पेरोगींची, त्या बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांची, सगळी हकिकत सांगितली. ती मुलाखत माझ्याकडे आहे. या उन्हाळ्यात पुष्कळदा ऐकली. त्यात ती जपून बोलते, परक्या पाहुण्यांशी बोलावं तशी.

पण नंतरच्या त्या शांततेच्या मिनिटात तिला राहवलं नाही. "अगं, किती वेळ बसायचं असं? कुणी गेलंय का? घे, अजून दोन खा!" आणि तू फिस्सकन हसलीस. मी पाच गुण कापले, वर शेरा मारला, 'शांतता वाया गेली. पुसून पुन्हा करा.' तू पुन्हा करून दिलीस, माझ्याकडे आहे ती तीच प्रत. हाल्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शांतता म्हणजे कुणी न बोलणं, असं मी नऊ वर्षं शिकवलं. तशी शांतता आता घरात भरपूर आहे आणि ती कशालाच जोडता येत नाही. त्या स्वयंपाकघराची खरी शांतता म्हणजे तिचं ते बोलणं आणि तुझं हसू, जे मी पुसायला सांगितलं. रेडिओवर बातमी चुकली की दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दुरुस्ती द्यायची, अशी आमची रीत. वर्गात चुकलो, तर दुरुस्तीही वर्गातच द्यायला हवी. हे लिहिता लिहिता कळलं. राजीनामा आत्ताच फाडला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, ते विचारतो. ते मिनिट तू खरंच पुसलंस का? कुठे जपून राहिलं असेल तर पाठव. सप्टेंबरमधल्या पहिल्या तासाला मुलांना ऐकवायचंय, आणि त्याआधी एकदा घरी, स्वयंपाकघरात बसून, मला ऐकायचंय. पुसलं असेल तर तू फक्त सांगितलेलं केलंस, मनाला लावून घेऊ नकोस. मग त्या दिवशी तूच ये आणि मुलांना सांग. तिचे शब्द मला येतात, पण तुझं ते हसू मला जमायचं नाही. कापलेले पाच गुण आज परत दिलेत.

तुझाच,
ओरेस्ट सर