केकातली बाहुली

२ फेब्रुवारी, सकाळ
मला लिहिता येत नाही, फोनला येतं. मी बोलते, तो लिहितो. कुणी वाचायचं नाही.
आजपासून नातू आल्सीड माझ्या ताब्यात. वय दोन. त्याची मी मेमेर, म्हणजे आजी. सून ओडेट कामावर. म्हणाली, मेमेर, आठवडाभर बघू, नाही जमलं तर पाळणाघर आहेच. बघू म्हणे! चार पोरं वाढवली मी. पाळणाघरात शेंबूड पुसायलासुद्धा नंबर लागतो. पोर इथेच राहणार. नजर हलू द्यायची नाही, बस.

दुपार
गंबोच्या रश्श्यासाठी पीठ तेलात परतत होते. चॉकलेटी होईपर्यंत पळी सोडता येत नाही, साक्षात पाद्री दारात आला तरी. पाठीमागे पोर एकदम शांत. म्हटलं, लागलं वळण. वळले तर कार्निव्हलच्या केकमध्ये कोपरापर्यंत हात. जांभळी साखर नाकात. कुत्र्याला घास भरवतोय, त्याच्या तोंडातून काढून स्वतः खातोय. शी!
खरकटं फेकलं. एक चांगला तुकडा वाया जाऊ नये म्हणून मी खाल्ला. कवळी पेल्यात होती, तेवढ्यात ओडेटची गाडी वाजली. तसाच गिळला. अक्रोड अडकला जरा. कॉफीने गेला.

३ फेब्रुवारी
केकातली बाहुली गायब. शेंगदाण्याएवढी, चिनी मातीची, माझ्या आईची. कार्निव्हलच्या केकात ती लपवायची, जिच्या तुकड्यात निघेल तिने पुढचा केक आणायचा. प्लॅस्टिकची बाहुली घालणारी बाई आळशी, असं ओडेटला मीच सुनावलं होतं.
पोराने गिळली! येईल बाहेर. ओडेटला कळता कामा नये.

४ फेब्रुवारी
डायपर तपासले, आइस्क्रीमच्या काडीने. मका निघाला. निळा खडू. माझ्या जपमाळेचा मणी. आता त्या माळेवर प्रार्थना कशी करू? मी एका डायपरमध्ये डोकं घातलेलं, तोवर त्याने दुसरा फ्रीजला फासला. ई!

५ फेब्रुवारी
ओडेटने विचारलं, मेमेर, कचऱ्यात एवढ्या काड्या? आइस्क्रीम खाल्लं, म्हटलं. म्हणाली, या थंडीत? सगळं एकटीने? हो म्हटलं. माझं पोट दुखतंय. असले वास घेऊन दुखणारच.

६ फेब्रुवारी
पोर ओकलं. ओडेटला फोन करून सगळं सांगून टाकलं. माझा मुलगा लुसियन गाडी उडवत दवाखान्यात. एक्स-रे काढला. पोट साफ. ओकारी कुत्र्याच्या खाण्याची होती.
डॉक्टरांनी विचारलं, केक आणखी कुणी खाल्ला? कुत्र्याने, मी म्हटलं. ओडेटने माझ्या पोटावरच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, मेमेर, झोपा त्या टेबलावर.
फोटोत आईची बाहुली स्पष्ट दिसली. हात वर करून.

८ फेब्रुवारी
लुसियन म्हणाला, आई, बाहुली तुला लागली, पुढचा केक तुझा. हसला मेला.

९ फेब्रुवारी
पोर पाळणाघरात. दारात माझा झगा सोडेना. आता घर किळस येईल इतकं स्वच्छ आहे.
बाहुली आज सकाळी आली. आईची आहे, टाकवत नाही. तीनदा उकळली. उद्याच्या केकात घालते, ओडेटच्या बाजूला.