कूलरवाल्याचा खुला बाजार

८ जून २००३, बगदाद
कस्टम ड्यूटी रद्द! सरहद्द सताड उघडी. परदेशी कूलर धडाधड येणार म्हणे. येऊ देत. माझ्या पत्र्याच्या कूलरपुढे टिकतायत होय! कॉम्पिटिशनने माणूस घडतो, असं अमेरिकन पत्रकात छापलंय. बायको सुहाद म्हणाली, अहो, तुम्ही काय घडायचं ते घडा, मशीन तेवढं सांभाळा. पत्रा वाकवायचं मशीन तिच्या बांगड्या मोडून घेतलंय. बायकांना इकॉनॉमिक्स कळत नाही.

१७ जून
एकही कूलर खपला नाही. बाजाराला जरा वेळ द्यावा लागतो.

२ जुलै
शेजारच्या अबू मरवानने चिनी कूलर आणला. माझ्या निम्म्या किमतीत. मुद्दाम अंगणात लावून बसलाय. मी ढुंकूनही पाहिलं नाही. भिंतीवरून गार हवा आली तेवढी घेतली.

९ जुलै, सकाळी
अमेरिकन सल्लागार मिस्टर टॉड उद्या वर्कशॉपला येणार! प्रायव्हेट सेक्टरला हात देणार. इंग्रजी भाषण पाठ करतोय. सुहाद म्हणते, भाषण राहू द्या, ऑर्डर मागा. पाहुण्याकडे मागायचं? शोभतं का?

१० जुलै
टॉड आले. मागे लष्करी ट्रक. चहा झाला. मशीनवर हात फिरवून म्हणाले, व्हेरी नाइस. आता आमच्याकडे पाहुण्याने एखाद्या वस्तूची तारीफ केली की म्हणावंच लागतं, घ्या, तुमचंच आहे. पाहुण्यानेही छे छे म्हणायचं असतं. शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तीनदा म्हणालो.
टॉड म्हणाले, थँक यू. सोल्जरांनी मशीन ट्रकात चढवलं.

११ जुलै
सुहादने मशीनच्या जागी धुणं वाळत घातलंय. वर्कशॉप मात्र प्रशस्त दिसतंय. यालाच एक्स्पान्शन म्हणत असावेत.

१९ जुलै
अबू मरवान गल्लीभर विचारतोय, माझ्या दाढीची तारीफ केली तर मी काय करीन. जळतो मेला. जेवताना सुहाद एवढंच म्हणाली, बांगड्या गेल्या तेव्हा मी रडले नव्हते. उद्या टॉडकडे जाऊन मशीन मागणार. रोखठोक.

२० जुलै
अमेरिकन छावणीच्या गेटवर उन्हात शिजलो. शेवटी टॉड आले. मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, तुमचं मशीन आमच्या काही कामाचं नाही, परत न्या, ट्रक देतो.
माझ्या तोंडून निघून गेलं, छे छे, दिलेलं परत घेतात होय! यावर समोरच्याने आग्रह करायचा असतो.
टॉड म्हणाले, बरं. आणि भंगारवाल्याला हाक मारली.
सुहादला सांगितलं, साहेब भेटलेच नाहीत.