उजवीकडची अर्धी तार

प्रिय वेन्डेल,

पत्र उघडलं की आधी शेवट वाचायची तुझी लहानपणापासूनची खोड. या वेळी तसं करू नकोस, वरून खाली वाच. एवढं मात्र आधीच सांगते, एमिल व्होंद्रा गेला. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी त्याला पुरायचं आहे आणि तू यायला हवंस. ज्याचा डोळा मी फोडला त्याच्या मातीला मी कशाला येऊ, असं तू म्हणशील. म्हणूनच फोन न करता लिहायला बसले. फोनवर तू मला मधेच तोडशील आणि मीही खुशाल तोडू देईन, कारण नऊ वर्षं मी तेच करत आले आहे.

रविवारी दुपारी इतकं उकडत होतं की मी बिनबाह्यांच्या कपड्यात काम करत होते. मे संपत आलेला, गाईंची हिवाळ्यातली लव झडून अंगं चकचकीत झालेली, वासरं कुरणात उंडारत होती. दोन वाजता वारा फिरला. तीनला गार, आडवा पाऊस आला, आणि चारला त्याचा बर्फ होऊन मला माझाच हात दिसेना. आई म्हणायची, इथल्या हवेसाठी देवाकडे एकच कपाट आहे आणि तो न बघता हाताला लागेल ते बाहेर काढतो. पण इतक्या उशिरा इतका बर्फ तिनेही पाहिला नव्हता. वाऱ्याने कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर उचलून गोठ्याच्या भिंतीवर आपटलं. म्हातारी बेस कुत्री पायरीखाली शिरली ती ओढूनही निघेना.

मी पिकअप काढून कुरणात गेले. भिजलेलं जनावर वाऱ्याकडे पाठ करून चालायला लागतं आणि कुंपणाची तार लागेपर्यंत थांबत नाही, हे तुला सांगायला नको. सगळी गुरं आग्नेय कोपऱ्यात जमली होती. पुढच्या गाई तारेवर चेपलेल्या, मागच्या त्यांच्यावर चढत होत्या. वासरं खाली. हाडं मोडल्याचा आवाज त्या वाऱ्यातही ऐकू येत होता. एक लाल गाय दोन खांबांच्या मधे मान अडकून लोंबत होती आणि तिच्या पाठीवर दुसरीचे पाय. मी पक्कड घेऊन तारेपाशी उभी राहिले, आणि वेन्डेल, माझा हात उठेना.

तुला वाटेल, मी घाबरले. तसं नाही, मी त्या दुसऱ्या वादळात उभी होते, नऊ वर्षांपूर्वीच्या. हाच कोपरा, हाच वारा. तेव्हा कोणीतरी तार कापली, आपली गुरं एमिलच्या रानात गेली, आणि बर्फाने झाकलेल्या त्याच्या तळ्याला जमीन समजून एकामागून एक आत उतरली. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. बर्फ इतक्या झपाट्याने वितळला की संध्याकाळपर्यंत तळ्यात नुसती फुगलेली पोटं वर दिसत होती. एकतीस गाई. त्यातल्या निम्म्या जन्मताना तू स्वतःच्या हाताने ओढून काढलेल्या.

तार कापली होती ती एमिलच्या हिश्शात. कुंपणाच्या मधोमध दोन शेजाऱ्यांनी समोरासमोर उभं राहायचं, उजव्या हाताला येईल ती अर्धी तार ज्याची त्याने सांभाळायची. दुसऱ्याच्या अर्ध्याला कोणी हात लावत नाही. बाबांनीही लावला नाही, आजोबांनीही नाही. त्यामुळे तुला पुरावा वेगळा शोधावा लागला नाही. तू एमिलच्या अंगणात जाऊन त्याची कॉलर धरलीस. तो म्हणाला, "मी नाही कापली. आणि धरायचंच तर गाईंना धर जा, त्यांना पोहायला शिकव." तो तसाच बोलायचा, सगळ्यांशी. तुझ्या हातात तार ताणायचा लोखंडी दांडा होता. पहिल्या फटक्याला तो गुडघ्यावर आला. दुसऱ्याला डोळा गेला. तिसरा, चौथा, पाचवा तू का मारलास ते तुलाही माहीत नसेल. त्याची बायको लिल दारातून किंचाळत धावत आली, आणि मी दहा पावलांवर पिकअपमध्ये काच वर करून बसले होते.

तर या रविवारी मी तशीच थिजून उभी होते आणि एमिल त्याचा ट्रॅक्टर घेऊन पलीकडून आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा, एका डोळ्याचा माणूस. नऊ वर्षांत आम्ही एकमेकांशी कामापुरतंही बोललो नव्हतो. तो उतरला, माझ्या हातातल्या पकडीकडे पाहिलं आणि ओरडला, "मागच्या वेळी जमलं होतं की तुला, आर्लिस. आता काय हात आखडला?"

हो. ती तार मी कापली होती. तू वासरांना गोठ्यात घेत होतास, आणि इकडे कोपऱ्यात गाई गुदमरून मरत होत्या. एमिलचा हिस्सा आहे हे कळत होतं, तरी कापली. तळं मला आठवलंच नाही. संध्याकाळी सांगेन म्हटलं, मग सकाळी सांगेन म्हटलं, आणि सकाळी तुझ्या हातात दांडा होता.

एमिलने माझ्या हातातून पक्कड घेतली आणि तारेचे चारही पदर कापले. तळ्याची काळजी करू नको म्हणाला, त्याने त्या वर्षीच तळ्याभोवती जाडजूड खांबांचा कठडा घातला होता. मला त्याचा पत्ताही नव्हता. गुरं सुटली ती एकदम, भिंत कोसळावी तशी, आणि तो पुरता बाजूला झाला नव्हता. मी त्याला खुरांखालून ओढून काढलं तेव्हा त्याची छाती एका बाजूने आत गेली होती. गुरं वाचली, सहा सोडून सगळी.

दवाखान्याच्या वाटेवर पिकअपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रस्ता दिसत नव्हता, मी एका हाताने चालवत होते. मी विचारलं, "तुला कसं कळलं होतं?" तो म्हणाला, "तू कापलेल्या तारेची टोकं मागे वाकवतेस, गुरांना लागू नयेत म्हणून. तुझ्या बापाची पद्धत. मी कुठे वाकवतो?" मग कोर्टात का नाही बोललास, असं विचारलं. "तुम्हा दोघांपैकी एक तरी घरी राहायला हवं होतं. गुरं कोणी बघायची?" आणि शेवटी, "पोहण्याचं बोलायला नको होतं मी त्या पोराला," एवढंच म्हणाला. सोमवारी सकाळी तो गेला.

मंगळवारी मी लिलला सगळं सांगितलं. ती कपबशी धूत होती, धूतच राहिली. मग म्हणाली, "वेन्डेलला सांगितलंस?" मी नाही म्हटलं. "मग आधी त्याला सांग. माझं आपण नंतर बघू." शवपेटी शेजाऱ्यांनीच उचलायची. पाच जण ठरले आहेत, सहाव्या जागेसाठी ती कोणाचंच नाव घेऊ देत नाही. अलास्काहून मुलगी यायची म्हणून दिवस लांबवलाय म्हणते, पण मुलगी परवाच पोचते आहे.

शनिवारी चर्चमध्ये मी उभी राहून हे सगळ्यांसमोर बोलणार आहे. तू दुसऱ्या कोणाकडून ऐकू नयेस म्हणून हे पत्र. मारलंस ते तुझं आहे, त्याची तू एकोणीस महिने तुरुंगात आणि पुढे सात वर्षं परक्या गावात भरपाई केलीस. पण ज्याच्यासाठी मारलंस ते माझं होतं, आणि त्याचं ओझं मी तुला वाहू दिलं. माफ कर असं लिहिणार नाही, तेवढं तोंड मला राहिलेलं नाही. कुंपण मी अजून जोडलेलं नाही. कोपऱ्यात एमिलने कापलेली तार तशीच पडली आहे, टोकं सरळ, पुढे आलेली. चिखल वाळला की तिथे गाडी जाते. आलास की घरात यायच्या आधी तिकडे जा आणि ती टोकं बघ. तेव्हा तिथली टोकं एकदा वाकून बघितली असतीस, तर तुझ्या हातातला दांडा माझ्याकडे वळला असता.

अजूनही तुझीच बहीण,
आर्लिस